मुलीसाठी पॅड निवडताना: पहिल्या पाळीआधीपासून तिसऱ्या पाळीपर्यंत

तासगाव तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत मी शिकवते. शिक्षकखोलीतील कपाटात पॅडचा एक डबा आम्ही कायम भरलेला ठेवतो, आणि तास चालू असताना त्या डब्यासाठी येणाऱ्या मुलींच्या घरी पॅड नसतात असे मुळीच नाही. घरी पॅड असतात. पण ती आईच्या मापाची, आईच्या सवयीची आणि महिन्याच्या किराण्याबरोबर आलेली असतात. अकरा-बारा वर्षांच्या, जेमतेम बत्तीस किलो वजनाच्या मुलीला ती पुढे-मागे सरकतात, मांडीला घासतात, आणि एकदा युनिफॉर्मला डाग पडला की घरात सगळे म्हणतात, "हिला अजून नीट लावता येत नाही." माझ्या अनुभवात चूक बहुतेक वेळा निवडीच्या क्रमात झालेली असते. घरात आधी पाकीट येते आणि मग ते मुलीवर बसवले जाते. वास्तविक आधी तिची निकर पाहावी, मग तिचा दिवस मोजावा, मग दुकानात जावे, आणि पक्की निवड तीन पाळ्यांच्या नोंदी हाती आल्यावरच करावी. खालील टप्पे याच क्रमाने लिहिले आहेत, आणि त्यांतला एखादा गाळला तर पुढच्या टप्प्याला अडचण येते.

तयारी: हाताशी काय असावे

शिवणाची टेप, मुलीच्या रोजच्या वापरातल्या दोन-तीन निकर, एक छोटी वही, चहाचा चमचा, पांढरा सुती रुमाल आणि घाई नसलेला एक रविवार एवढे पुरते. मुलगी प्रत्येक टप्प्यावर बरोबर असली पाहिजे, कारण पॅड टोचते की नाही हे फक्त तीच सांगू शकते. आई नसेल किंवा ऊसतोडीला बाहेरगावी असेल तर आत्या, मावशी, आज्जी किंवा थोरली बहीण हे काम करू शकते. वडिलांनी केले तरी त्यात काही वावगे नाही. आमच्या शाळेतल्या एका मुलीच्या वडिलांनी हे सगळे इतके नीट केले होते की नंतर तिच्या मैत्रिणी तिलाच विचारू लागल्या.

टप्पा 1: वेळ ओळखणे

छातीची वाढ सुरू झाल्यानंतर साधारण दोन ते अडीच वर्षांनी पहिली पाळी येते. बहुतेक मुलींना ती 10 ते 15 या वयात येते आणि तिच्या आधी सहा महिने ते वर्षभर निकरवर पांढरट स्राव दिसू लागतो. हा स्राव दिसला की तयारीला लागावे. "शहाणी झाल्यावर बघू" असे म्हणणाऱ्या घरातली मुलगी पहिल्या दिवशी शाळेच्या स्वच्छतागृहात एकटी रडते, हे मी अनेकदा पाहिले आहे.

पांढऱ्या स्रावासाठी रोज पॅड किंवा पातळ लायनर लावण्याची सवय मात्र लावू नये. दिवसातून एकदा, उन्हाळ्यात दोनदा, सुती निकर बदलणे त्यासाठी पुरेसे असते. खाज, घाण वास किंवा हिरवट-पिवळा रंग असेल तर तो डॉक्टरांना दाखवण्याचा विषय आहे. पॅडने तो सुटत नाही.

तपासणी: मुलीला विचारावे, "शाळेत अचानक आली तर काय करशील?" कोणाला सांगायचे, पॅड कुठे मिळेल आणि कुठे बदलायचे, ही तिन्ही उत्तरे तिने स्वतःच्या शब्दांत दिली तर पुढे जावे.

टप्पा 2: आधी निकर, मग पॅड

या टप्प्यावर मी सर्वांत जास्त भर देते, कारण हाच सर्वांत जास्त वेळा गाळला जातो. पॅड अंगाला चिकटत नाही, ते निकरला चिकटते. निकर सैल असेल तर जगातले सर्वांत महागडे पॅडसुद्धा जागेवर राहणार नाही. आपल्याकडे मुलींच्या निकर "अजून वर्षभर चालेल" म्हणून एक माप मोठ्या घेतल्या जातात आणि इलॅस्टिक ढिले झाले तरी वापरात राहतात. बाकीच्या दिवसांत ते चालून जाते, पाळीत चालत नाही.

प्रथम निकर उलटी करून पसरावी आणि दोन पायांच्या मधल्या पट्टीची सर्वांत अरुंद जागी रुंदी मोजून वहीत लिहावी. पॅडची मधली रुंदी या पट्टीपेक्षा फार जास्त असेल तर त्याच्या कडा बाहेर वळतात, मांड्यांना घासतात आणि दुसऱ्याच दिवशी जांघेत लाल चट्टे उठतात. नंतर निकर मुलीला घालायला सांगून उठबस करायला लावावी. मांडीजवळचे इलॅस्टिक अंगाला टेकलेले असावे, पण वळ उमटता कामा नये. पाळीच्या दिवसांसाठी अशा चार ते पाच सुती, गडद रंगाच्या निकर वेगळ्या काढून ठेवाव्यात. पॅडवर अतिरिक्त खर्च करण्याआधी या निकरवर खर्च करावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

युनिफॉर्मखाली मुली घालतात त्या लांब शॉर्ट्स किंवा सायकलिंग पँट यांचा येथे वेगळा विचार करावा लागतो. त्यांच्या मधल्या भागाला मोकळी कड नसल्यामुळे पॅडचे पंख, म्हणजे दोन्ही बाजूंच्या चिकट पट्ट्या, दुमडून चिकटवायला जागाच मिळत नाही. म्हणून आत घट्ट निकर, तिला पॅड, आणि वरून शॉर्ट्स, असा क्रम ठेवावा.

सावधान: नायलॉनची, लेस लावलेली किंवा खूप गुळगुळीत कापडाची निकर पाळीत देऊ नये. घामाने तिच्यावरचा गोंद सुटतो.

टप्पा 3: मुलीचा दिवस तासांत मोजणे

पॅड दर चार ते सहा तासांनी बदलावे, ते भरलेले असो वा नसो. रात्री झोपेत आठ तासांपर्यंत चालते. आता सावळजसारख्या गावातून एसटीने तासगावला येणाऱ्या मुलीचा दिवस पाहा. ती सकाळी नऊला घर सोडते आणि सायंकाळी सहाला परतते. हे नऊ तास आहेत. याचा अर्थ तिला शाळेत किमान एकदा पॅड बदलावेच लागणार, आणि निवड करताना हा एक बदल गृहीत धरला पाहिजे.

येथेच मोठी चूक होते. शाळेत बदलावे लागू नये म्हणून आई सर्वांत मोठे आणि जाड पॅड आणते. ते नऊ तास रक्त शोषून धरेलही, पण ओलसर, उबदार जागेत इतका वेळ त्वचा राहिली की खाज आणि पुरळ ठरलेले असते. शिवाय अशा मुली स्वच्छतागृह टाळण्यासाठी दिवसभर पाणीच पीत नाहीत, आणि मग लघवीच्या जळजळीची तक्रार घेऊन येतात. पॅडचा आकार वाढवून वेळ वाढत नाही, हे घरात पक्के सांगावे.

शाळेतल्या स्वच्छतागृहाची चौकशी आईने मुलीकडून आधीच करून घ्यावी: आतून कडी लागते का, पाणी असते का, झाकणाचा डबा आहे का. नसेल तर वर्गशिक्षिकेला किंवा मुख्याध्यापकांना भेटावे. पालकांनी विचारले की या गोष्टी लवकर हलतात, हे मी शाळेच्या आतून सांगते.

दप्तरातली पिशवी अशी भरावी: दोन पॅड, एक निकर, घडी केलेला जुना वर्तमानपत्राचा कागद आणि डाग पडलेली निकर ठेवायला एक छोटी पिशवी. ही पिशवी पाळीची तारीख नसतानाही दप्तरात राहिली पाहिजे, कारण पहिली दोन-तीन वर्षे पाळीच्या तारखा सहसा नियमित नसतात.

पाकिटांची संख्या ठरवण्याचा हिशेब सोपा आहे. पहिले दोन-तीन दिवस रोज चार ते पाच आणि नंतरचे दिवस तीन ते चार पॅड लागतात, म्हणजे पाच दिवसांच्या पाळीला साधारण 18 ते 20. पहिल्या पाळीसाठी मात्र एकदम मोठे पाकीट आणू नये. ती पाळी अनेकदा दोन-तीन दिवस तपकिरी डागांइतकीच असते. त्या तपकिरी रंगाला मुली पाळी मानतच नाहीत, म्हणून तो रंगही आधी सांगून ठेवावा.

टप्पा 4: दुकानात पाकीट वाचणे

मेडिकलमध्ये "पॅड द्या" म्हटले की दुकानदार हाताला येईल ते पाकीट कागदात गुंडाळून देतो. पाकीट हातात मागून घ्यावे आणि तेथेच वाचावे. मुलीला बरोबर न्यावे. पहिल्या वेळी संकोच वाटेल, तिसऱ्या वेळी ती स्वतः मागेल.

सर्वप्रथम लांबी पाहावी. पाकिटावर ती मिलिमीटरमध्ये छापलेली असते. रेग्युलर पॅड साधारण 230 ते 240, एक्सएल 280 च्या आसपास आणि एक्सएक्सएल 320 च्या आसपास असते, पण नावावर विसंबू नये, कारण एका कंपनीचे लार्ज दुसऱ्या कंपनीच्या रेग्युलरच्या जवळ जाते. सुरुवातीला दिवसासाठी रेग्युलर आणि रात्रीसाठी एक्सएल अशी दोन लहान पाकिटे घ्यावीत. अंगाने बारीक मुलीला 320 मिलिमीटरचे पॅड दिवसा कधीही देऊ नये.

हे मी चूक करून शिकले आहे. माझ्या थोरल्या मुलीला मी सुरुवातीपासून सर्वांत लांब पॅड देत होते, आणि तिने दोन महिने खोखोला जाणे बंद केले. पोटात दुखत असेल असे समजून मी तिला विश्रांती घ्यायला सांगत राहिले. नंतर तिनेच सांगितले की खोखोत चौकोनात उकिडवे बसले की पॅडचा मागचा भाग गोळा होऊन वर येतो आणि धावताना सरकतो. पॅड बदलल्यावर ती पुन्हा मैदानावर गेली. ते दोन महिने मी तिला एकदाही नेमके काय होते असे विचारले नव्हते, याची खंत मला आजही आहे.

दुसरी गोष्ट वरचा थर. काही पॅडचा वरचा थर मऊ, कापसासारख्या न विणलेल्या कापडाचा असतो, तर काहींचा बारीक छिद्रे असलेल्या प्लास्टिकच्या जाळीचा असतो. जाळीचे पॅड वरून लवकर कोरडे वाटते, परंतु एप्रिल-मेच्या उन्हात घामाबरोबर तेच त्वचेला चिकटते आणि घासते. नाजूक त्वचेच्या मुलीसाठी मी आधी मऊ थराचेच पॅड सुचवते. पाकिटावरच्या "कॉटन" या शब्दावरून मात्र आत सुती कापड आहे असे समजू नये. बऱ्याचदा तो स्पर्श फक्त कापसासारखा असतो.

तिसरी गोष्ट जाडी. जाड पॅडमध्ये लाकडाच्या लगद्याचा कापसासारखा थर जास्त असतो, तर पातळ पॅडमध्ये त्या लगद्यात रक्त शोषून फुगणारे जेलचे दाणे मिसळलेले असतात. त्यामुळे पातळ पॅड कमी शोषते असे नाही. धावणाऱ्या, सायकलने येणाऱ्या मुलीला पातळ पॅड सोयीचे पडते.

पंख असलेलेच पॅड घ्यावे, निदान पहिले वर्षभर. सुगंधी पॅड घेऊ नये. पाळीचा वास पॅड फार वेळ ठेवल्याने, घाम आणि हवा लागून येतो. वेळेवर बदलणे हाच त्यावरचा उपाय आहे, आणि अत्तराच्या द्रव्यांनी पुष्कळ मुलींना जळजळ होते.

नंतर निर्मितीचा महिना, वापरण्याची मुदत आणि आतली संख्या पाहावी. भारतीय मानक ब्यूरोचे एकदाच वापरायच्या पॅडसाठीचे मानक आयएस 5405 असे आहे. पाकिटावर त्याचा उल्लेख असेल तर चांगलेच. बचत गटांनी तयार केलेली पॅड घेताना ती सीलबंद आहेत का आणि गोंदाची पट्टी पूर्ण लांबीची आहे का, एवढे बारकाईने पाहावे.

किंमत पाकिटावरून ठरवू नये, एका पॅडवरून ठरवावी: पाकिटाची किंमत भागिले आतली संख्या. जनऔषधी केंद्रात ऑगस्ट 2019 पासून एक रुपयाला एक या दराने पॅड मिळते, आणि गावात आशाताईंकडे "फ्रीडेज" या नावाची सहा पॅडची पाकिटे सहा रुपयांत देण्याची सरकारी योजना आहे. स्वस्त म्हणून यांना कमी लेखू नये आणि स्वस्त म्हणून डोळे झाकून घेऊही नये. इतर पाकिटांप्रमाणेच टेपने मोजावे आणि पुढच्या टप्प्यातली चाचणी घ्यावी. जुलै 2018 पासून पॅडवर जीएसटी नाही, तेव्हा बिलात तो वेगळा लावलेला दिसला तर दुकानदाराला विचारावे.

सावधान: स्वस्त पडते म्हणून पहिल्याच वेळी चाळीस पॅडचा गठ्ठा आणू नये. न जुळणारा गठ्ठा संपेपर्यंत मुलीला तो सोसावा लागतो.

टप्पा 5: घरी चाचणी

जाहिरातीत पॅडवर पेलाभर निळे पाणी ओतलेले पाहून आया "भरपूर शोषणारे" पॅड शोधतात. प्रत्यक्षात संपूर्ण पाळीत जाणारे रक्त सरासरी 30 ते 40 मिलिलिटर असते, म्हणजे चहाचे सहा ते आठ चमचे. त्यात इतर स्राव मिसळल्यामुळे ते डोळ्यांना जास्त दिसते. तेव्हा पॅड किती पाणी पिते याला फार महत्त्व नाही. ते किती लवकर आत घेते आणि दाबल्यावर परत सोडते का, हे पाहायचे आहे.

प्रत्येक पाकिटातले एक पॅड काढून सपाट पृष्ठभागावर ठेवावे. मधोमध एक चमचा पाणी हळूहळू सोडावे, अर्धा मिनिट थांबून दुसरा चमचा सोडावा. पाणी कडेकडे ओघळले तर वरचा थर मंद आहे. दोन मिनिटांनी पांढरा रुमाल ठेवून तळहाताने जोरात दाबावा. रुमाल जितका कमी भिजेल तितके चांगले. त्यानंतर पॅड उलटून खालचा थर कोरडा आहे का ते पाहावे. रक्त पाण्यापेक्षा दाट असते, त्यामुळे ही चाचणी दोन पॅडची तुलना करण्यापुरतीच आहे, एवढे ध्यानात ठेवावे.

याखेरीज, पाळी आलेली नसताना मुलीला एक कोरडे पॅड लावून तासभर घरात वावरू द्यावे, जिना चढायला, मांडी घालून बसायला, सायकल चालवायला सांगावे. टोचले तर कुठे टोचले ते तिने वहीत लिहावे. या एका तासाने पहिल्या दिवसाची निम्मी भीती जाते.

टप्पा 6: लावण्याचा आणि काढण्याचा क्रम

1. हात साबणाने धुवावेत. पॅडला हात लावण्याआधीही धुवावेत. आपल्याकडे फक्त नंतर धुण्याची पद्धत आहे.

2. निकर गुडघ्यापर्यंत खाली घेऊन बसावे किंवा किंचित वाकावे. पाठीमागचा कागद काढून पॅडची मध्यरेषा निकरच्या मधल्या पट्टीवर ठेवावी आणि मधून कडांकडे हात फिरवत चिकटवावे. नवख्या मुली पॅड हमखास फार पुढे लावतात आणि डाग मागे पडतो. योनीमार्ग दोन पायांच्या मध्ये, लघवीच्या जागेच्या मागे असतो. पॅडचा मधला भाग त्याच्या बरोबर खाली यायला हवा.

3. पंखांचे कागद सर्वांत शेवटी काढावेत आणि पंख निकरच्या कडेवरून खाली दुमडून बाहेरच्या बाजूला चिकटवावेत. आधी पंख उघडले तर ते एकमेकांना चिकटून पॅड वाया जाते.

4. निकर वर घेऊन एकदा खाली बसून उठावे. पॅड सुरकुतले असेल तर तेव्हाच सरळ करावे.

5. काढताना समोरून मागे गुंडाळावे, कागदात बांधावे, आणि अंग स्वच्छ पाण्याने पुढून मागे धुऊन कोरडे करावे. ओल्या अंगावर नवे पॅड लावू नये. योनीमार्गाच्या आत साबण वापरू नये.

सावधान: जास्त जाते म्हणून एकावर एक दोन पॅड लावण्याचा सल्ला मैत्रिणी एकमेकींना देतात. खालच्या पॅडला वरच्या पॅडचा प्लास्टिकचा थर आडवा येतो, त्यामुळे त्यात काही पोहोचत नाही, आणि दोन्ही मिळून सरकतात.

टप्पा 7: तीन पाळ्यांची वही

निवड येथे पक्की होते. वहीत तारीख, पॅडचा प्रकार, लावल्याची आणि काढल्याची वेळ, आणि "डाग कुठे" एवढेच लिहायचे. मुलीला शब्द जड वाटत असतील तर पॅडचे छोटे चित्र काढून ओला भाग रंगवला तरी चालतो. प्रत्येक पाळीनंतर वही दोघींनी मिळून वाचावी आणि पुढच्या वेळी एकच गोष्ट बदलावी. दोन-तीन एकदम बदलल्या तर कशाने फरक पडला ते कळत नाही.

डाग कडेला पडत असेल तर आधी निकर आणि पंख तपासावेत, लांबी वाढवू नये. दिवसा मागे पडत असेल तर पॅड बोटभर मागे लावून पाहावे. फक्त रात्री मागे पडत असेल तर रात्रीचे पॅड मोठे घ्यावे आणि दिवसाचे तेच ठेवावे. पोटावर झोपणाऱ्या मुलीला मात्र रात्रीचे पॅड पुढे सरकवून लावावे लागते. वेळेवर बदलूनही मधला भाग वरच्या बाजूला ओला, चिकट राहत असेल तर वरचा थर बदलावा.

पुरळाच्या जागेवरूनही पुष्कळ कळते. ते जांघेत, मांड्यांच्या कडेला असेल तर रुंदी, पंख किंवा घाम हे कारण असते. आतल्या नाजूक जागी असेल तर सुगंध, जाळीचा थर किंवा उशिरा बदलणे यांचा संशय घ्यावा. प्रकार बदलून आणि वेळ पाळूनही ते आठवडाभरात गेले नाही तर डॉक्टरांना दाखवावे. परस्पर मलमे लावू नयेत.

एक गोष्ट अनेक घरांत अजून आडवी येते. पाळीत मुलीला बाजूला बसवले जाते, कपाटाला आणि दोरीवरच्या कपड्यांना हात लावू दिला जात नाही, आणि मग पॅड मागायला तिला घरभर आवाज द्यावा लागतो. ती मागायला संकोचते आणि एकच पॅड दिवसभर ठेवते. म्हणून तिची पॅड आणि निकर तिच्या स्वतःच्या हाताला येतील अशा कोरड्या जागी, न्हाणीघराबाहेर ठेवावीत. मला तर ही शिवाशिव घरातून जावी असे मनापासून वाटते, पण ती जाईपर्यंत मुलीने थांबू नये.

टप्पा 8: कापडी पॅड घ्यायचे असेल तर

कापडी पॅड चांगले असते, पण ते पाणी, ऊन आणि आडोसा यांवर अवलंबून असते. पाटण, जावळी, महाबळेश्वर या भागांत जून ते सप्टेंबर ऊन दिसत नाही. तेथे कापड आतून ओले राहते आणि त्याला कुबट वास येतो. माण, खटाव, आटपाडी, जत या भागांत ऊन मुबलक असते, पण उन्हाळ्यात टँकरच्या पाण्यात ते धुण्याची चैन परवडत नाही. म्हणून मी वर्षभरासाठी एकच प्रकार सांगत नाही: घरी असताना कापडी आणि शाळेला जाताना बाजारचे, किंवा पावसाळ्यात बाजारचे आणि हिवाळ्यात कापडी, अशी जोड ठेवावी.

कापड आधी गार पाण्यात धुवावे, गरम पाण्याने रक्ताचा डाग पक्का बसतो. मग साबण लावून खळखळून धुवावे आणि उघड्या उन्हात वाळवावे. साडीखाली किंवा परकराखाली लपवून वाळवलेले कापड वाळत नाही. पुन्हा वापरायच्या पॅडसाठी आयएस 17514 हे वेगळे मानक आहे, विकत घेताना ते पाहावे. योनीमार्गात बसवून रक्त गोळा करणारा कप हा पर्याय वाईट नाही, परंतु पहिल्या वर्षी मुलीवर तो लादू नये. तिने स्वतः विचारले तर डॉक्टरांशी बोलून पाहावे.

टप्पा 9: वापरलेले पॅड

कागदात घट्ट गुंडाळून झाकणाच्या डब्यात टाकावे आणि घंटागाडीत सॅनिटरी कचऱ्यासाठी वेगळा कप्पा असेल तर त्यात, नसेल तर ओल्या कचऱ्यात न मिसळता द्यावे. टाकण्याआधी पॅड धुण्याची पद्धत बंद करावी. जेल फुगून बाहेर येते आणि मोरी तुंबते. संडासात टाकू नये. ओढ्यात टाकलेले पॅड पावसाळ्यात कृष्णेत किंवा वारणेत जाते, आणि त्यातले प्लास्टिक कुजत नाही.

टप्पा 10: पॅड बदलून भागणार नाही ते ओळखणे

पाळी दोन ते सात दिवस चालणे, आणि सुरुवातीच्या वर्षांत दोन पाळ्यांमधले अंतर 21 ते 45 दिवस असणे, हे सर्वसाधारण आहे. परंतु दर तास-दोन तासांनी पॅड पूर्ण भिजत असेल, रुपयाच्या नाण्यापेक्षा मोठ्या गाठी पडत असतील, सात दिवसांपेक्षा जास्त जात असेल, किंवा तीन महिने उलटूनही पुढची पाळी आली नसेल तर मोठे पॅड शोधत बसू नये, डॉक्टरांकडे जावे. वयाच्या आठव्या वर्षाआधी पाळी आली, किंवा पंधरा पूर्ण होऊनही आली नाही, तरीही दाखवावे. पहिल्या पाळ्यांतच फार रक्त जाणाऱ्या काही मुलींना रक्त न गोठण्याचा आजार असतो आणि तो येथेच प्रथम लक्षात येतो. नाकातून वारंवार रक्त येत असेल किंवा किरकोळ मार लागूनही निळे डाग उठत असतील तर तेही सांगावे. चेहरा पांढुरका पडला असेल, जिना चढताना धाप लागत असेल, तर हिमोग्लोबिन तपासायला सांगावे.

जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातून सुरुवात करता येते. पुढे साताऱ्याला क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालय आणि सांगलीला वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय आहे. जाताना वही न्यावी. डॉक्टर पहिला प्रश्न "दिवसाला किती पॅड लागतात?" हाच विचारतात, आणि त्याचे उत्तर आईने अंदाजाने देण्यापेक्षा मुलीने वही उघडून द्यावे.